नाशिकच्या पडद्याआडची हाडदुखी

अम्मी नमाजसाठी खुर्ची मागू लागली, तेव्हा तिचं वय पन्नासही नव्हतं. सज्द्यातून उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागे. मांड्या भरून येत, कंबर धरे, नडगी नुसती दाबली तरी ती कळवळे. घरच्यांनी त्याला वात म्हटलं, शेजारणींनी नजर लागल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि ‘आता वय झालं’ असं म्हणून वाटेला लावलं. अशी चार वर्षं गेली. मग एका तरुण डॉक्टरनं तिला विचारलं, “तुम्ही दिवसातून किती वेळ उन्हात असता?” अम्मी हसली. आमच्या गल्लीत ऊन पडतंच कुठं? रक्त तपासलं तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व जवळपास नव्हतंच.

हा प्रश्न पुढं मला इतिहासाच्या पानांवर पुन्हा भेटला, आणि तोही आपल्या नाशिकमध्ये.

1922 साली ‘क्वार्टरली जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात डॉ. हचिसन आणि डॉ. शहा यांचा निबंध छापून आला. विषय होता मुडदूस. लहान मुलांचा आणि मोठ्या वयातलाही. मोठ्या वयात या रोगात हाडं मऊ पडतात, स्नायूंतली ताकद जाते, जमिनीवरून उठणं आणि जिना चढणं अवघड होतं. या दोघांना नाशिकमध्ये एक उलटंच चित्र दिसलं. ज्यांच्या घरी तूप-दूध होतं, अशा सुखवस्तू मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत हा रोग होता. निकृष्ट अन्न खाऊन दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत मात्र तो नव्हता. फरक ताटात नव्हता, राहणीत होता. खात्यापित्या घरांतल्या मुली वयात आल्या की वाड्याच्या आतल्या अंधाऱ्या खोल्यांत जात. त्यांची तान्ही मुलंही त्याच अंधारात वाढत. हचिसन यांनी पडद्यातल्या दहा रुग्णांचा आहार तोच ठेवला, फक्त त्यांना उन्हात बसवलं. ते बरे झाले.

या निष्कर्षाचं मोल समजायचं तर तेव्हाचा युरोप पाहावा लागतो. 1919 साली लंडनमध्ये मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून दाखवलं, की कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं मुडदूस टळतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं. मग खरं कारण कोणतं, अन्न की ऊन? पुढं उलगडा झाला, की दोघांचंही खरं होतं. माशाच्या तेलात जे असतं, तेच आपली त्वचा उन्हात स्वतः तयार करते. ते म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. ते नसेल तर जेवणातला कॅल्शियम शरीरात नीट शोषला जात नाही आणि हाडं पक्की होत नाहीत.

काश्मीरमध्ये डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी याची दुसरी, अधिक भयंकर बाजू पाहिली. पडद्यातल्या बायकांची मऊ पडलेली कंबरेची हाडं वाकत, बाळंतपणाची वाट अडे आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेते. नावेवर उघड्यात राहणाऱ्या हांजी बायकांची बाळंतपणं मात्र सुखरूप होत. 1928 साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं.

आपल्याकडं पडद्याची चर्चा नेहमी दोनच टोकांवर झाली. एक बाजू इज्जतीचं बोलली, दुसरी मागासलेपणाचं. बाईच्या हाडांबद्दल कोणीच बोललं नाही. नाशिकचा पडदा एका धर्माचा नव्हता, तो ऐपतीचा होता. ज्यांची बाई कामाला बाहेर पडल्याशिवाय चूल पेटत नव्हती, त्यांना तो परवडत नव्हता. आणि आज दुखण्याचं कारण फक्त कपड्यात शोधणंही चूक आहे. आज चार मजली घरांच्या मधली तीन फुटी गल्लीच पडदा झाली आहे. तिथं बुरखा न घालणाऱ्या बाईलाही ऊन मिळत नाही.

हे दुखणं आपल्या लोकांसोबत परदेशातही गेलं. 1962 साली ग्लासगोतल्या पाकिस्तानी कुटुंबांत डॉक्टरांना हाच रोग आढळला. 2004 साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी आश्रय मागायला आलेल्या 33 स्त्रियांची हकिगत मांडली. त्यांचं अंग दुखत होतं आणि खरं निदान व्हायला सरासरी अडीच वर्षं लागली होती. तोवर अनेकींचं दुखणं मनाचं ठरवलं गेलं होतं. जीवनसत्त्व दिल्यावर 22 जणींचा त्रास सरासरी तीनेक महिन्यांत गेला.

प्रत्येक सांधेदुखी ‘ड’ जीवनसत्त्वाची नसते. संधिवात असतो, थायरॉईड असतो, सांध्यांची झीज असते. म्हणून मनानंच गोळ्या आणून खाऊ नयेत. हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय करतं. आधी तपासणी, मग उपचार.

अम्मीला बरं वाटायला काही महिने लागले. आता ती सज्द्यातून भिंत न धरता उठते. पण त्या चार वर्षांचं काय? नाशिकनं 1922 सालीच जे सांगितलं होतं, ते आमच्या गल्लीपर्यंत पोहोचायला शंभर वर्षं लागली. मोहल्ल्यात आरोग्य शिबिरं होतात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते. तिथं येणाऱ्या प्रत्येक बाईला आणखी एक प्रश्न विचारा: तुम्ही उन्हात कधी बसता? आणि गच्चीची किल्ली एखाद्या दुपारी घरातल्या बायकांच्या हाती द्या.