खापरा भुंगेरा

खापरा भुंगेरा (शास्त्रीय नाव: ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम) हा साठवलेल्या धान्याची नासाडी करणारा, डर्मेस्टिडी कुलातील कीटक आहे. त्याचे मूलस्थान भारतीय उपखंड मानले जाते. पश्चिम आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांतही तो आढळतो. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे.

वर्गीकरण

हा कीटक कोलिऑप्टेरा गणातील ट्रोगोडर्मा वंशात मोडतो. वंशनाम ‘कुरतडणे’ व ‘कातडी’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. या वंशात शंभराहून अधिक जाती आहेत. प्रस्तुत जातीचे वर्णन डच कीटकशास्त्रज्ञ एव्हर्ट्स यांनी १८९८ मध्ये केले.

शरीररचना

प्रौढ भुंगेरा लंबवर्तुळाकार, तपकिरी व सुमारे १.६ ते ३ मिमी लांब असतो. मादी नरापेक्षा मोठी असते. संयुक्त नेत्रांच्या मधोमध एक साधा नेत्र असतो. शृंगिकांचे टोक गदेसारखे जाड असून त्या वक्षाच्या खाचेत बसतात. पंख असूनही प्रौढ उडताना आढळलेले नाहीत.

पूर्ण वाढलेली अळी सुमारे ६ मिमी लांब व केसाळ असते. तिच्या अंगावर भाल्याच्या टोकासारखे, सहज गळणारे सूक्ष्म केस असतात.

वंशातील इतर जातींशी साम्य असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी खात्रीशीर ओळख पटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्रौढाची जननेंद्रिये तपासतात. अळीच्या मुखातील संवेदनाग्राही उंचवटे साधारणतः चार असतात, इतर जातींत ते बहुधा सहा असतात. तिच्या उदराच्या आठव्या खंडावरील आडवी शिवण अस्पष्ट, खंडित किंवा अनुपस्थित असते.

जीवनचक्र

मादी धान्यात ५० ते ९० अंडी घालते. ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात जीवनचक्र सुमारे २६ दिवसांत पूर्ण होऊ शकते. नुकसान मुख्यतः अळ्या करतात. त्या प्रथम दाण्याचा अंकुर खातात. प्रतिकूल स्थितीत अळी सुप्तावस्थेत जाऊन अन्नाविना वर्षानुवर्षे तग धरते. या अवस्थेत तिच्यावर धुरीचा परिणामही कमी होतो.

प्रसार व संसर्गरोध

प्रौढ उडत नसल्याने या किडीचा दूरचा प्रसार मालवाहतुकीतूनच होतो. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. ते देशातील प्रमुख कंटेनर बंदरांपैकी एक असून तेथून कृषिमालाचीही निर्यात होते. कंटेनरच्या लाकडी तळाखालील फटींत सांडलेल्या धान्यावर अळ्या टिकतात. त्यामुळे पूर्वी धान्य वाहिलेल्या कंटेनरमधून किडीचा संसर्ग यंत्रसामग्रीसारख्या मालालाही होऊ शकतो.

कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये ही कीड आढळल्यावर तिच्या निर्मूलनासाठी अनेक वर्षांची मोहीम राबवावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०२० नंतर जोखमीच्या देशांतून येणाऱ्या माल व कंटेनरांवर कडक अटी लागू केल्या; त्या देशांत भारताचाही समावेश आहे. मिथिल ब्रोमाइडची धुरी व उष्णता हे प्रमुख उपचार आहेत. एक जिवंत अळी सापडली तरी संपूर्ण खेप रोखली जाऊ शकते. म्हणून निर्यातदार व तपासणी यंत्रणा या दोहोंसाठी जातीची अचूक ओळख निर्णायक ठरते.