दोनदा विकलेला विमानतळ

जमीन तीच, विकणारा तोच, घेणाराही तोच. तरी विक्री दोनदा झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सिनसिनाटीच्या ईशान्येला ब्लू ॲश नावाचं छोटं शहर आहे. २०१०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १२,११४ भरली. आपल्याकडे असतं तर जेमतेम नगरपंचायत झाली असती. या गावाने सिनसिनाटीकडून विमानतळाची १३० एकर जमीन ३ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली. काही वर्षांनी ती सिनसिनाटीला परत दिली. सिनसिनाटीने विमानतळाला टाळं लावलं आणि तीच जमीन ब्लू ॲशने पुन्हा घेतली.

लेकीने हा किस्सा जेवताना सांगितला. जावई म्हणाले, "बाबा, इथलं राजकारण आहे, तुम्हाला नाही कळायचं." पण नगरपरिषदेच्या लेखा विभागात हयात घालवलेल्या माणसाला यात न कळण्यासारखं काय आहे? हा शीर्षाचा मामला आहे, हे मी आमटीचा भुरका मारता मारताच ओळखलं.

ज्यांनी कधी पालिकेचं अंदाजपत्रक हातात धरलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. पालिकेच्या तिजोरीत पैसा दिसतो एकत्र, पण प्रत्येक रुपयाच्या कपाळावर शीर्ष लिहिलेलं असतं. पाणीपुरवठा योजनेचं अनुदान पाण्यालाच लागतं. दलित वस्ती सुधारणेचा निधी त्याच वस्तीत खर्च व्हावा लागतो. बँकेत कोटभर रुपये पडून आहेत आणि सफाई कामगारांचा पगार थकलाय, असे महिने मी पाहिलेत. अध्यक्ष म्हणायचे, "अहो, पैसा आहे ना?" आहे, पण तो या कामाचा नाही. निधी दुसरीकडे वळवला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि तो मिटवता मिटवता निवृत्तीचं वय होतं.

अमेरिकेत विमानतळाच्या पैशाला असंच शीर्ष आहे, आणि ते आपल्यापेक्षा कडक आहे. तिथे बहुतेक सार्वजनिक विमानतळ शहरांच्या, काउंट्यांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या मंडळांच्या ताब्यात असतात. धावपट्टी, दिवे, कुंपण यांसाठी केंद्राचं अनुदान फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, देते. त्याबरोबर हमीपत्र येतं: एवढी वर्षं, सहसा वीस, विमानतळ चालू ठेवीन. शिवाय १९८२च्या कायद्याने दुसरी अट आली, की विमानतळातून आलेला पैसा विमानतळावरच खर्च करायचा. तिथली जमीन विकली तर तेही विमानतळाचंच उत्पन्न. त्यातून शहराने रस्ते करायचे नाहीत आणि पगारही भागवायचे नाहीत.

ही गाठ किती पक्की असते ते मिझुरी राज्यातल्या सेंट क्लेअरने पाहिलं. पाच हजारांहून कमी वस्तीच्या त्या गावाला आपला छोटा विमानतळ बंद करून हमरस्त्यालगत बाजारपेठ वसवायची होती. त्यासाठी थेट अमेरिकी संसदेचा कायदा करून घ्यावा लागला, २०१४ साली. विमानतळ बंद व्हायला पुढे २०१७ उजाडलं. ब्लू ॲशची कथा त्या मानाने सोपी, पण जास्त चलाख.

मुळात सिनसिनाटीची जमीन ब्लू ॲशमध्ये आली कशी? त्याला कारण पूर. सिनसिनाटीचा जुना विमानतळ लंकन, नदीकाठच्या सखल भागात बांधलेला. जानेवारी १९३७मध्ये ओहायो नदीने ८० फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी ५२ फूट, म्हणजे काय झालं असेल ते पाहा. सगळा लंकन पाण्याखाली गेला. 'संकन लंकन', बुडका लंकन, हे नाव त्याला चिकटलं ते कायमचं. तिथल्या जुन्या इमारतीच्या भिंतीत पुराच्या पातळीवर एक काळी वीट बसवलेली आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिली. मान चांगली वर करावी लागते. आमच्याकडे कृष्णाकाठच्या घाटांवर पुराच्या खुणा पाहिलेल्या माणसालाही ती उंची खरी वाटायला दोन क्षण लागतात.

मग उंचावरची जागा शोधणं आलं. ब्लू ॲशला वॉटसन बंधूंचं एक खासगी उड्डाणतळ होतं. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, सिनसिनाटीने ते घेतलं आणि इथे शहराचा मुख्य विमानतळ करायचा बेत आखला. बेत मोठा, पण पैसा उभारायला कर्जरोखे हवेत आणि कर्जरोख्यांना मतदारांची संमती हवी. ती मिळाली नाही. दरम्यान नदीपलीकडे, केंटकी राज्यातल्या बून काउंटीत, युद्धकाळात बांधलेली धावपट्टी तयार होती. तिथे १० जानेवारी १९४७ला पहिलं प्रवासी विमान उतरलं आणि सिनसिनाटीचा विमानतळ दुसऱ्या राज्याचा झाला. आजही सिनसिनाटीला जाणारा माणूस केंटकीत उतरतो. तिकिटावरची सीव्हीजी ही अक्षरंदेखील तिथल्या कव्हिंग्टन गावावरून आलेली.

ब्लू ॲशचे लोक मात्र धास्तावलेले होते. १९५५मध्ये त्यांनी स्वतःची ग्रामपालिका स्थापन करून घेतली, आणि त्यामागे मोठ्या शहराच्या विमानतळाची भीती हेही एक कारण होतं. १९६१मध्ये त्या ग्रामपालिकेचं शहर झालं. विमानतळ राहिला, पण छोटा: जेमतेम साडेतीन हजार फुटांची धावपट्टी, हौशी वैमानिक, शिकाऊ विद्यार्थी, कंपन्यांची लहान विमानं. मालकी सिनसिनाटीची आणि हद्द ब्लू ॲशची. हद्दीबाहेरची मालमत्ता म्हणजे काय कटकट असते, हे कुठल्याही मालमत्ता विभागाच्या कारकुनाला विचारा. देखभालीचा खर्च आपला आणि तक्रारी दुसऱ्या गावाच्या सभेत.

२००६पर्यंत सिनसिनाटीला हे ओझं झालं होतं आणि ब्लू ॲशला मोठी बाग हवी होती. एकूण २२८ एकरांपैकी १३० एकर ब्लू ॲशने घ्यायचे, उरलेल्या ९८ एकरांत विमानतळ आटोपशीर करून चालवायचा, असा करार ठरला.

पैसा कुठून आणायचा? इथे मला खरी मजा वाटली. ओहायोत शहरांचं मुख्य उत्पन्न घरपट्टी नाही, कमाईवरचा कर आहे. तो आधी तुम्ही काम करता त्या शहरात भरायचा. घर कुठे आहे ते नंतर. एक टक्क्यापर्यंत तो सभागृह स्वतः लावू शकतं. पुढे जायचं तर मतदारांना विचारावं लागतं. ब्लू ॲशचा दर बरोबर एक टक्का होता, शेजारच्या सिनसिनाटीचा तेव्हा २.१ टक्के. नोव्हेंबर २००६मध्ये ब्लू ॲशच्या मतदारांनी पाव टक्का वाढ मंजूर केली. त्यातून तीन कामं होणार होती: विमानतळाच्या जागी बाग, क्रीडा केंद्राचा विस्तार आणि गोल्फ मैदानावरची नवी वास्तू.

लोकांनी स्वतःहून कर वाढवून घेतला, हे ऐकून आमचा एखादा नगरसेवक धन्य झाला असता. पण ब्लू ॲशमध्ये कंपन्यांच्या कचेऱ्यांची रांग आहे. सकाळी बाहेरगावाहून जी माणसं तिथे कामाला येतात त्यांची संख्या रहिवाशांच्या कितीतरी पट. कर त्यांच्या पगारातून कापला जातो आणि मत मात्र रहिवाशांचं. ही सरळसरळ आपली जकात झाली. नाक्यावर बाहेरगावचा ट्रक पैसे भरायचा आणि गावात त्या पैशाची गटारं व्हायची. १९९९मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि आम्ही सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसायला लागलो. ब्लू ॲशला अजून त्यांचा नाका आहे, एवढाच फरक. माझा जावईही तिथे कामाला जातो आणि राहतो दुसऱ्या शहरात. म्हणजे त्या बागेतल्या चार विटा त्याच्याही असणार. त्याला हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

पुढे गाडी अडली. ९८ एकरांत नवा विमानतळ बसवायला सिनसिनाटीकडे पैसा जमेना. उलट जमिनीच्या पैशांवर त्यांचा वेगळाच डोळा होता. शहरात नवी ट्राम धावायची होती. त्यातले १ कोटी १० लाख डॉलर तिकडे जायचे होते. एफएएने सांगितलं, जमत नाही. विमानतळ चालू असताना जमीन विकलीत, म्हणजे तो पैसा विमानतळाचा. ट्रामला एक डॉलरही लावता येणार नाही.

मग कुणाच्या तरी डोक्यातून उपाय निघाला. मला त्या माणसाचं नाव माहीत नाही, पण तो आमच्या जातकुळीचा, हे खात्रीने सांगतो. विमानतळ चालू असताना विकला तर उत्पन्न विमानतळाचं. आधी बंद केला आणि मग विकला, तर विकली जाते ती नुसती मोकळी जमीन. क्रम बदलला की शीर्ष बदलतं. तेव्हा झालेली विक्री रद्द करायची, जमीन परत सिनसिनाटीच्या नावावर करायची, विमानतळ बंद करायचा आणि पुन्हा विकायची.

मात्र त्याला ब्लू ॲशच्या सभागृहाची संमती हवी होती. सात सदस्यांचं ते सभागृह. मी एकदा सभेला जाऊन बसलो होतो. ठरावाचा क्रमांक आणि शीर्षक वाचून दाखवतात, नागरिकाला बोलायचं असेल तर पुढे येऊन नाव-पत्ता सांगून तो बोलतो, मुद्दा संपला की जागेवर. आमच्या सर्वसाधारण सभेची सवय असलेल्याला फार शांत वाटतं. २०१२च्या उन्हाळ्यात मात्र तिथे शांतता नव्हती. ट्रामचे विरोधक सिनसिनाटीत आधीच दोनदा, २००९ आणि २०११मध्ये, मतदानात हरले होते. आता त्यांना शेजारच्या गावात दार सापडलं. ब्लू ॲशने जमीन परत दिलीच नाही, तर ट्रामचा पैसा आपोआप अडेल. सह्यांची मोहीम निघाली, सार्वमताची मागणी झाली. त्यांचं एक म्हणणं मला रास्त वाटतं: मतदारांनी कर मंजूर केला तो जमीन घेण्यासाठी, घेतलेली जमीन परत देण्यासाठी नव्हे. मधल्या काळात काही बिनसलं असतं तर ३ कोटी ७५ लाखांचा व्यवहार हवेत राहिला असता. पण ट्राम थांबवायला दुसऱ्या गावाची बाग ओलीस धरणं मला पटलं नाही.

सभागृहाने परतीचा ठराव मंजूर केला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी विमानतळ बंद झाला. जमीन पुन्हा ब्लू ॲशकडे आली आणि २०१४मध्ये समिट पार्कचा पहिला टप्पा खुला झाला. सिनसिनाटीची ट्राम ९ सप्टेंबर २०१६ला धावली, ३.६ मैलांच्या वेढ्यावर. दोन्ही गोष्टी आज वापरात आहेत. बागेत मोठं हिरवळीचं मैदान, मुलांची खेळणी, चढून पाहायला मनोरा. विमानांची जागा होती हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. संध्याकाळी तिथे फिरताना मराठीही कानावर पडतं. ओट्यावर बसलेल्या आजी-आजोबांमध्ये कोण पुण्याचं, कोण नागपूरचं.

आपल्याकडे असा प्रसंग येणं अवघड, कारण छोट्या शहरातला विमानतळ पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत नसतोच. लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ, तेव्हाचं उस्मानाबाद इथले विमानतळ २००९मध्ये भाडेपट्ट्याने खासगी कंपनीला दिले गेले, तेही औद्योगिक विकास महामंडळाकडून. ज्या गावाच्या नावाने विमानतळ, त्या गावच्या सभागृहापुढे त्या जमिनीचा विषय येत नाही. आमच्या सभेत एखाद्या गाळ्याच्या भाडेपट्ट्यावर तीन तास वाद होतो, आणि गावालगतच्या शेकडो एकरांचं काय झालं ते वर्तमानपत्रात वाचायचं. ब्लू ॲशच्या लोकांना निदान भांडता तरी आलं.

या सगळ्यात ज्यांची बाजू कमी ऐकली गेली ते म्हणजे वैमानिक आणि हँगरचे भाडेकरू. केंद्राचं अनुदान त्यांच्या सोयीसाठी आलं होतं. धावपट्टी त्या पैशावर जगली आणि तिची किंमत दुसऱ्याच कामाला गेली. कागद बरोबर आहेत, ठराव बरोबर आहेत, क्रमही बरोबर आहे. पण किंमत ठरली तेव्हा विमानं उडत होती, हे खरं कुठल्याही ठरावाने पुसत नाही. माझ्या मते ब्लू ॲशच्या सदस्यांनी आपल्या गावापुरतं योग्य तेच केलं. सिनसिनाटीच्या हिशेबाची तपासणी मात्र माझ्याकडे असती, तर मी त्या नोंदीवर आक्षेप काढला असता, आणि खुलासा आला तरी तो लगेच मिटवला नसता.