पिशवी कोणाच्या खांद्यावर?

नाशिकला गेलात तर रिक्षावाल्याला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' असं सांगून बघा. बहुतेक वेळा तो क्षणभर विचार करतो आणि मग म्हणतो, "गोल्फ क्लब ना?" या मैदानावर आता रणजीचे सामने होतात, सकाळी लोक चालायला येतात, पण जुन्या पिढीच्या तोंडी नाव अजून तेच. गंमत बघा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे, आणि त्यांच्या नावाच्या मैदानाला लोक हाक मारतात ती साहेबाच्या खेळाच्या नावाने! महाराष्ट्रात गोल्फ कुठून आला हे सांगायला यापेक्षा चांगली खूण मला सापडलेली नाही.

मी हौशी गोल्फर आहे. ऑफिसातल्या लोकांना ते श्रीमंती थेर वाटतं आणि गावाकडच्यांना वेडेपणा. आमचं गाव रोहणा, वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे धावत होती तेव्हा तिच्या रस्त्यावरचं. तिथे एकदा काकांना मोबाईलवर गोल्फची मॅच दाखवली. पाच मिनिटं शांतपणे बघून म्हणाले, "हा तं इटी-दांडूच हाय ना बे! फक्त यात कोनी झेलत नाही, अन् आपली इटी शोधाले आपल्यालेच चाल्ला लागते."

काकांचं म्हणणं तसं चूक नाही. काठीने छोटी वस्तू लांब मारायची, अंतर मोजायचं, हे दोन्हीकडे आहेच. (विटी-दांडूतले वकट, लेंड, मुंड, नाल हे तेलुगूतल्या एक-दोन-तीन-चारचे मराठी अवतार आहेत हे तुम्हाला माहीत होतं का? मला इंजिनिअरिंगला तेलुगू रूममेट मिळेपर्यंत नव्हतं.) फरक असा की विटी-दांडूला बाभळीची फांदी पुरते आणि ते सगळे खेळतात. गोल्फला मात्र शंभर-सव्वाशे एकर जमीन लागते, पाणी लागतं आणि आपल्या देशात तरी आणखी एक गोष्ट लागते. पिशवी उचलणारा माणूस. आज लिहायचंय ते खरं त्याच्याबद्दल, पण तिथे पोचायला आधी थोडा चेंडूचा इतिहास सांगावा लागेल.

ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला, तो पुढे टिकला नाही. आज मुंबईत खेळायचं म्हटलं तर विलिंग्डन किंवा चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (१९२७). विलिंग्डनची गोष्ट निदान थोडी बरी आहे. लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते. इतर क्लबांत 'फक्त गोरे' असा खाक्या असताना त्यांनी हा क्लब हिंदी लोकांनाही खुला ठेवून काढला. खुला म्हणजे अर्थात संस्थानिकांना आणि शेटजींना. पिशवी उचलणाऱ्यांना नव्हे!

आता चेंडू. १७४४ साली एडिंबराजवळ लीथला या खेळाचे पहिले लेखी नियम झाले, एकूण तेरा. त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याची शिवलेली पिशवी आणि तिच्यात ठासून भरलेली हंसाची उकडलेली पिसं. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार बनवायचा, त्यामुळे महाग, आणि ओला झाला की फाटायचा. मग १८४८ च्या सुमारास गटापर्चा आला. हा मलायातल्या झाडांचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, हाताने गोळा वळता येतो, थंड झाला की टणक. एका रात्रीत चेंडू स्वस्त झाला आणि खेळ साध्या माणसांच्या आवाक्यात आला. माझ्यासारख्या आयटीवाल्याला यातला दुसरा धागा जास्त आवडतो. समुद्राखालून जाणाऱ्या तारांवर आवरण म्हणून हाच गटापर्चा वापरला जायचा. १८७० मध्ये मुंबई-एडन-सुएझ मार्गाने तार थेट विलायतेला जोडली गेली, ती याच चिकाच्या जिवावर. म्हणजे मुंबईतला साहेब ज्या मालाच्या कृपेने लंडनला तार करत होता, तोच माल संध्याकाळी काठीने बडवत होता.

या चेंडूत एक भानगड होती. नवाकोरा, गुळगुळीत चेंडू नीट उडायचाच नाही, आणि खेळून ओरखडे पडले की झकास जायचा. हे प्रथम कोणाच्या लक्षात आलं असेल? चेंडू रोज हाताळणाऱ्यांच्या, म्हणजे कारागीर आणि कॅडींच्या, असं मला आपलं वाटतं. मग लोक नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खाचा पाडायला लागले. १८९८ च्या सुमारास अमेरिकेत हॅस्केलने रबराचा धागा गुंडाळून चेंडू केला आणि १९०५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलरने खळग्यांचं पेटंट घेतलं. खळग्यांमुळे चेंडूला चिकटून जाणारा हवेचा थर खवळतो, तो मागच्या बाजूपर्यंत चेंडूला धरून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि हवेचा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. गुळगुळीतपणा म्हणजे वेग, ही आपली सहजबुद्धी इथे सपशेल आपटते. कोणी शास्त्रज्ञाने गणित मांडायच्या कितीतरी आधी मैदानावर हा 'बग' सापडलेला होता, आणि नंतर त्याचंच 'फीचर' झालं :-)

दांड्यांचंही तसंच. आधी हिकरी नावाच्या अमेरिकन लाकडाचे दांडे असायचे, प्रत्येकाची लवचिकता वेगळी. १९२९ मध्ये ब्रिटिशांनी पोलादी दांडे मान्य केले आणि कारखान्यांतून एकसारखे क्लब बदाबदा बाहेर पडायला लागले. प्रत्येक अंतराला वेगळा क्लब! काही बडे खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन मैदानात उतरायचे. म्हणजे उतरवायचे दुसऱ्याच्या खांद्यावरून, हे वेगळं सांगायला नको. शेवटी अमेरिकेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनने १९३९ मध्ये मर्यादा घातली, जास्तीत जास्त १४ क्लब. कारण दिलं ते कौशल्याचं, की फटका खेळाडूने घडवावा, पिशवीतून काढू नये. पण या नियमाचा सगळ्यात मोठा फायदा कोणाच्या पाठीला झाला असेल, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हापासून नियम करणारे आणि सामान बनवणारे यांची ही मारामारी चालूच आहे. १९७९ मध्ये धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर आला, १९९१ मध्ये 'बिग बर्था' आली, डोकी फुगत गेली, आणि २००४ मध्ये ४६० घन सेंटिमीटर अशी सीमा आखावी लागली. माझ्या ओळखीतले निम्मे हौशी गोल्फर दर दोन वर्षांनी नवीन ड्रायव्हर घेतात. त्यांचा स्कोअर आहे तिथेच आहे. साधा हिशोब करा. पार ७२ च्या कोर्सवर प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे १८ गुणिले २, ३६ फटके. निम्मा खेळ हा जमिनीवरून चेंडू घरंगळवण्याचा आहे, आणि त्या फटक्याच्या क्लबमध्ये शंभर वर्षांत डोळे दिपावेत असं फारसं काही घडलेलं नाही. तरी सरावाला गेलं की सगळे ड्रायव्हरच काढणार. असो.

ग्रीनवरून आठवलं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ग्रीन नव्हतेच. कोरड्या भागातल्या छावण्यांच्या कोर्सवर 'ब्राउन' असायचे, म्हणजे तेल मिसळून दाबलेली वाळू. आमच्या रोहण्याच्या काळ्या जमिनीला एप्रिलमध्ये पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. अशा हवेत भादरलेलं हिरवं गवत राखणं म्हणजे चैनीची हद्द. ब्राउनवर काय व्हायचं, की चाललं की पावलं उमटायची. म्हणून पट खेळण्याआधी आणि नंतर ती वाळू ओढून सारखी करावी लागायची. शिष्टाचार हा इथे शोभेचा विषय नव्हता. कोणीतरी वाळू ओढली नाही तर पुढच्या माणसाला खेळताच येणार नाही. आणि ते 'कोणीतरी' म्हणजे, बरोबर ओळखलंत, कॅडी.

मला कॅडी हा माणूस गोल्फच्या इतिहासात फार कमी दिसतो याचं नवल वाटतं. कुठला ग्रीन कुठे उतरतो, वारा झाडाच्या शेंड्यावर बघायचा की गवतावर, १५० यार्ड म्हणजे या माणसाच्या हातात कुठला क्लब, हे सगळं ज्ञान त्याच्या डोक्यात असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं डॉक्युमेंटेशन एकाच माणसात, आणि तोच कॉन्ट्रॅक्टवर. बरेच क्लब सोमवारी देखभालीसाठी बंद असतात आणि कॅडींना खेळायला मिळालंच तर त्या दिवशी. बाकी सहा दिवस बघायचं.

चेंबूरच्या कॅडींनी याच्यावर तोड काढली. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या आसपासच्या वस्त्यांत त्यांनी गल्लीतला गोल्फ सुरू केला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून क्लब, प्लास्टिकचा हलका चेंडू, आणि कोर्स म्हणजे बोळ, गटार, पत्रे, वाळत घातलेले कपडे. पोलंडच्या तोमाश गुद्झोवाती या फोटोग्राफरच्या फोटोंमुळे हा 'स्लम गोल्फ' जगभर पोचला. बघणाऱ्यांना त्यात गरिबीची गंमत दिसली. मला दिसला तो सराव. दहा-पंधरा फुटांवरच्या डब्याएवढ्या जागेत, मध्ये नाला असताना चेंडू टाकायचा, आणि चुकला तर शेजारणीच्या पातेल्यात! शॉर्ट गेमचा यापेक्षा कडक सराव कुठल्या अकॅडमीत होतो ते मला सांगा.

कॅडी शिकतो ते बघून, त्यामुळे पुस्तकाबाहेरचं शिकतो. दक्षिण आफ्रिकेतला पापवा सेवगोलम घ्या. गिरमिटिया मजुरांच्या वंशातला, दरबनजवळचा कॅडी. क्लब उलटा धरायचा, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हात वर असतो, याचा खाली. कोणी शिकवणारा असता तर पहिल्या दिवशी सुधारला असता. याच पकडीने तो १९५९ आणि १९६० मध्ये डच ओपन जिंकला. १९६३ मध्ये दरबनला नाताळ ओपन जिंकला, तेव्हा गोरे लोक क्लबहाउसमध्ये आणि हा बाहेर पावसात उभा, ट्रॉफी तिथेच हातात दिली गेली. दोन वर्षांनी त्याने त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअरला हरवलं. पुढे वर्णभेदी सरकारने त्याचं खेळणंच बंद करून टाकलं.

आपल्याकडे इंडियन ओपन १९६४ पासून. १९६५ मध्ये बिल्लू सेठी हौशी असून जिंकले. त्यानंतर भारतीय विजेता मिळायला १९९१ उजाडलं, आणि तो होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी. १९९३ मध्ये पुन्हा तोच. सव्वीस वर्षं क्लबांच्या सभासदांना जे जमलं नाही ते पिशवी उचलणाऱ्याने केलं, दोनदा!

आता शिष्टाचार. दुसरा मारत असताना गप्प राहा, त्याच्या पटच्या रेषेवर पाय देऊ नका, उखडलेलं गवत परत बसवा, ग्रीनवरचा चेंडूचा खड्डा दुरुस्त करा, वाळूतून बाहेर पडताना दाताळं फिरवा. पूर्वी नियमांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण हेच असायचं. २०१९ च्या फेररचनेत ते प्रकरण गेलं आणि वागणुकीचा मुद्दा नियम १.२ मध्ये आला. क्लबला वाटलं तर आता त्यासाठी दंडाचे फटकेही लावता येतात. मला हे पटतं. कारण आपल्याकडच्या कोर्सवर हा सगळा शिष्टाचार आउटसोर्स झालेला आहे. साहेब वाळूतून मारून चालायला लागतो, दाताळं कॅडी फिरवतो. गवत कॅडी बसवतो. आणि खेळाडूला आवाजाचा त्रास झाला तर डोळे वटारले जातात तेही कॅडीवर. नियमांचं पुस्तक याबाबतीत जास्त सरळ आहे. कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दोघं मिळून एक बाजू.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ ला झालं ते) पुण्याच्या येरवड्याच्या कोर्सवर घडलेला उदयन माने भारताकडून खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली आणि तिची पिशवी तिच्या आईने उचलली होती. टीव्हीवर लोकांनी त्या माउलीचं केवढं कौतुक केलं. योग्यच होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, लॉकडाऊननंतर कोर्स उघडले तेव्हा बऱ्याच क्लबांनी संसर्गाच्या भीतीने सुरुवातीला कॅडी आत घेतले नाहीत. रोजच्या फेरीवर रोजचं पोट असलेली ही माणसं महिनोन् महिने घरी बसली. बंकरमधली दाताळीही हात लागू नयेत म्हणून काढून ठेवली होती. सभासद आपापली पिशवी घेऊन फिरायला लागले. आमच्यातल्या एकाने सहाव्या होलला पिशवी खाली टेकवली, आतून आठ क्लब काढून गाडीत ठेवून आला आणि उरलेल्या सहावर खेळला. स्कोअर नेहमीएवढाच आला.