सव्वीस जानेवारी : राष्ट्राच्या जमाखर्चाचा दिवस

दिवाळीला पेढीवर वहीपूजन होते. जुन्या वर्षाचे जमा-नावे पाहिल्याखेरीज नव्या वहीला हात घालू नये, असा व्यापाऱ्यांचा जुना दंडक आहे. राष्ट्राच्या जीवनातही असा एक दिवस आहे. २६ जानेवारी हा ध्वजवंदनाचा व संचलनाचा दिवस म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु मुळात तो हिशेब मांडण्याचा दिवस म्हणून जन्मास आला, हे मात्र विस्मरणात जाऊ लागले आहे.

प्रतिज्ञेचा इतिहास

डिसेंबर १९२९ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली लाहोर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने पूर्ण स्वराज्याचा ठराव संमत केला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या तीरावर तिरंगा फडकला. पुढे रविवार, २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळण्यात आला. गावोगावी सभा भरल्या, लोकभाषेत प्रतिज्ञा वाचली गेली आणि जमलेल्या स्त्री-पुरुषांनी हात उंचावून तिला संमती दिली.

मुख्यतः महात्मा गांधींनी सिद्ध केलेली ही प्रतिज्ञा म्हणजे परकीय राजवटीचा ताळेबंदच होता. माणसाचे सरासरी दैनिक उत्पन्न अवघे सात पैसे. करांपैकी २० टक्के शेतसाऱ्याचे आणि ३ टक्के मिठाचे. ग्रामोद्योग बुडाल्याने शेतकरी वर्षाकाठी चार महिने रिकामा. भाषणाचे व संघटनेचे स्वातंत्र्य नाही. शिक्षण मातीपासून तुटलेले. अशी एकेक बाब तीत नोंदलेली होती. दीडच महिन्याने दांडीयात्रा निघाली, तिचे बीज मिठाच्या त्या नोंदीत दिसते. महाराष्ट्रानेही या लढ्याची किंमत मोजली. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले.

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाले. तथापि ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी प्रतिज्ञेचीच तिथी निवडण्यात आली. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हस्ताक्षरात लिहिलेली व नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी सजविलेली संविधानाची प्रत २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांच्या स्वाक्षऱ्यांनी पूर्ण झाली. या प्रतीत भगवान महावीरांचे चित्रही आहे. दोन दिवसांनी, सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी, भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली.

जमेची बाजू

१९३० च्या त्याच नोंदी हाती घेऊन प्रजासत्ताकाची प्रगती पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम अन्न. १९५०-५१ साली देशात सुमारे ५ कोटी टन धान्य पिकले. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. १९७२ च्या दुष्काळात शिधावाटप दुकानातून घेतलेली मिलो महाराष्ट्रातील जुनी पिढी विसरलेली नाही. २०२०-२१ मध्ये हेच उत्पादन ३१ कोटी टनांपर्यंत पोहोचले. स्वातंत्र्याच्या सुमारास ३२ वर्षे असलेले सरासरी आयुर्मान ७० वर्षांच्या आसपास गेले.

दुसरी नोंद रिकाम्या हातांची. तिला महाराष्ट्राने दिलेले उत्तर संस्मरणीय आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर आधार ठरला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून, त्याच तिथीस, लागू झाला. पुढे २००५ साली संसदेनेही देशासाठी असा कायदा केला.

तिसरी नोंद उद्योगांची. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट १९१९ साली मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिची वाट अडविली. परंतु त्याच कंपनीने विशाखापट्टणम येथे उभारलेल्या गोदीतून १९४८ साली 'जलउषा' हे स्वदेशी जहाज पाण्यात उतरले.

चौथी नोंद शिक्षणाची. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंक्तीत बसविली. अशा असंख्य प्रयत्नांतून १९५१ साली १८ टक्के असलेली साक्षरता २०११ मध्ये सुमारे ७४ टक्के झाली.

पाचवी नोंद स्वातंत्र्याची. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' यापलीकडे स्वतःचे नाव न सांगितल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रिया त्या यादीतून वगळल्या गेल्या. २०२४ च्या निवडणुकीत मतदार सुमारे ९७ कोटी होते आणि आपले नाव सांगण्यास स्त्री कचरत नव्हती.

नावे बाजू

परंतु केवळ जमा वाचणारा मुनीम मालकाचे हित साधत नाही. भाषणाच्या व संघटनेच्या ज्या स्वातंत्र्यासाठी १९३० मध्ये हात उंचावले गेले, ते जून १९७५ मध्ये स्वदेशी सरकारनेच आणीबाणी पुकारून गोठविले. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी त्याचा निवाडा केला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या तरतुदी कठोर केल्या. तरीही ती नोंद पुसता येत नाही. कोठारे धान्याने भरली, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. २०११ च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता ८२ टक्के, तर स्त्रियांची ६५ टक्केच होती. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे तर महाराष्ट्राच्या वहीतील सर्वांत वेदनादायक पान होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच नावे बाजूचा इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येकाच्या मताला समान मोल मिळेल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर तिची झळ सोसणारेच लोकशाहीची ही इमारत उद्ध्वस्त करतील, असा त्याचा आशय होता.

महाराष्ट्रात २६ जानेवारीला ग्रामसभा भरते आणि तीत गावचा जमाखर्च मांडता येतो. ध्वजवंदनानंतर बहुतेक मंडळी घरी परततात व सभेला मोजकेच लोक उरतात, हे अनेक गावांतील चित्र आहे. १९३० साली सात पैशांचा हिशेब ऐकण्यासाठी लोक तुरुंगाची भीती झुगारून जमले होते. आज ती भीती नाही. शाळेत न जाणारी मुलगी, अंगणवाडीतील अशक्त बालक, कर्जात रुतलेला शेतकरी यांची नावे त्या सभेत घेतली जावीत आणि पुढील २६ जानेवारीला त्यांचे काय झाले, हे पुन्हा विचारले जावे. प्रतिज्ञेसाठी उंचावलेल्या हातांचे ऋण अशा रीतीनेच फिटू शकेल.