वेल्डिंग कामातील चुंबक

वेल्डिंग चुंबक हे जोडावयाचे लोखंडी भाग ठरावीक कोनात धरून ठेवणारे साधन होय. कारागीर त्याला ‘मॅग्नेट’ किंवा ‘अँगल मॅग्नेट’ म्हणतात. (वेल्डिंगला परिभाषेत ‘वितळजोडकाम’ हा चांगला शब्द आहे, दुकानात मात्र तो कोणी वापरीत नाही.) याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार बाणाच्या आकाराचा असतो. दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये कायम चुंबक बसवलेला असून कडांवर ४५, ९० व १३५ अंशांचे कोन मिळतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावांत गेट, ग्रिल, डवरे, वखर व ट्रॅक्टर-ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामे करणाऱ्या कारागिराला मदतनीस नसताना तिसऱ्या हाताची उणीव हे साधन भरून काढते.

चुंबकाचे काम टाका पडेपर्यंतच

चौकोनी पाइप किंवा अँगल चुंबकाने काटकोनात धरावा, दोन-तीन ठिकाणी टाके (टॅक) मारावेत, चुंबक काढून घ्यावा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे, हा या साधनाच्या वापराचा मुख्य नियम आहे. यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण विद्युत प्रज्योतीचे, म्हणजे आर्कचे. आर्क हा वायूमधून वाहणारा विद्युतप्रवाह असल्यामुळे चुंबकीय क्षेत्रात तो एका बाजूला ढकलला जातो. या दोषाला ‘आर्क ब्लो’ म्हणतात. जवळ चुंबक असला की आर्क जोडापासून भरकटतो, शिंतोडे उडतात, धातू नीट एकजीव होत नाही आणि जोडात पोकळ्या राहतात. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमधून एसी प्रवाह मिळे. आपल्याकडील ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्यात त्याची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, म्हणून हा दोष फारसा जाणवत नसे. सध्या लहान दुकानांत पसरलेली इन्व्हर्टर मशीन बहुधा डीसी प्रवाह देतात. त्यांत आर्क सतत एकाच दिशेने ढकलला जातो. त्यामुळे जुन्या मशीनवर खपून गेलेली सवय नव्या मशीनवर महागात पडते. खिडकीच्या ग्रिलमध्ये असा कच्चा जोड कदाचित निभावून जाईल. ट्रॉलीच्या हुकाचा जोड कच्चा राहिला तर भरलेली ट्रॉली रस्त्यात सुटू शकते.

दुसरे कारण उष्णतेचे. ठरावीक तापमानाच्या वर (यास क्युरी तापमान म्हणतात) चुंबकत्व नष्ट होते. स्वस्त वेल्डिंग चुंबकांत सर्रास आढळणाऱ्या फेराइटचे क्युरी तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअस आहे. निओडिमियम चुंबक फार जोरकस असला तरी त्याच्या साध्या प्रतीची कार्यमर्यादा सुमारे ८० अंशच आहे. ती ओलांडल्यावर गेलेली शक्ती थंड झाल्यावर पूर्णपणे परत येत नाही. पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते, हे लक्षात घेतले की जोडालगत ठेवलेल्या चुंबकाचे काय होत असेल ते उघड आहे.

तिसरे कारण आकुंचनाचे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि भागांना आपल्या बाजूला ओढतो. ही ओढ चुंबकाला आवरत नाही. म्हणून टाके समोरासमोरच्या बाजूंना मारावेत, गुण्या लावून पाहावा व चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत दोन सूतांचा (पाव इंचाचा) फरक असेल तर तो टाक्यांवर असतानाच ठोकून काढता येतो.

वेष्टनावर छापलेली धारणशक्ती जाड, सपाट व स्वच्छ लोखंडासाठी असते. रंग, गंज किंवा पातळ पत्रा असल्यास ती बरीच घटते. शिवाय चुंबक सरळ ओढण्यापेक्षा बाजूला सहज घसरतो. यास्तव डोक्यावरचा भाग केवळ चुंबकाच्या भरवशावर टांगू नये. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम व तांबे यांना चुंबक जवळजवळ धरतच नाही. तेथे क्लॅम्प वापरावा. अर्थिंगची वाट चुंबकातून जाऊ देऊ नये.

साठवण

दुकानातील चुंबकाचा खरा शत्रू ग्राइंडरचा कीस आहे. तो पृष्ठभागावर दाढीसारखा चिकटला की चुंबक सपाट बसत नाही आणि कोन चुकतो. चुंबक ग्राइंडर व ड्रिलपासून दूर, लाकडी फळीवर किंवा झाकणाच्या डब्यात ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्यास पिशवी उलटी करून काढताच बराचसा कीस तिच्याबरोबर निघून येतो. उरलेला कीस भिजवलेल्या कणकेच्या गोळ्याने किंवा चिकटपट्टीने टिपता येतो. कॉम्प्रेसरच्या हवेने तो उडवू नये. तो डोळ्यांत जातो.

शाळेच्या प्रयोगशाळेत पट्टीचुंबक जोडीने, विजातीय ध्रुव शेजारी ठेवून व टोकांना नरम लोखंडाचे तुकडे लावून ठेवतात. ही काळजी पोलादी व अल्निको चुंबकांसाठी आवश्यक आहे. फेराइट व निओडिमियम यांना तिची गरज नसते. मात्र दोन्ही ठिसूळ असल्याने ते आपटू नयेत. निओडिमियमचा मुलामा निघाल्यास तो गंजतो. जोरकस चुंबकांमध्ये प्लायवूडचा तुकडा ठेवावा, म्हणजे वेगळे करताना बोट चिमटत नाही. ड्रिलची पाती, कानशी व मोजमापाची साधने त्याच डब्यात ठेवल्यास तीही चुंबकित होऊन कीस ओढू लागतात.

धोके

हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चुंबक छातीजवळ आणू नये. लहान चुंबकासाठीही किमान १५ सेंटीमीटर अंतराची शिफारस केली जाते. वेल्डिंगचा प्रवाह हा त्यांच्यासाठी वेगळा धोका असून त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. घराला लागून असलेल्या दुकानांत सुटे छोटे चुंबक मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. एकाहून अधिक चुंबक गिळले गेल्यास ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढून भोक पाडू शकतात. अशा वेळी मूल बरे दिसत असले तरी त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.