फरशीवरील बुरशी
फरशीवरील बुरशी : न्हाणीघर, मोरी इ. दमट जागी फरशांच्या सांध्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म कवकांस सामान्यतः बुरशी म्हणतात. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम इ. वंशांतील कवके तीत आढळतात. चकचकीत फरशीवर ती सहसा रुजत नाहीत. सांध्यांतील सच्छिद्र सिमेंटमध्ये मुरलेले पाणी व त्यावर साचलेला साबणाचा मळ यांवर ती पोसली जातात. त्यांच्या बीजुकांमुळे दम्याच्या रोग्यांस त्रास होतो.

पुण्यात वर्षाकाठी सु. ७० सेंमी. पाऊस पडतो व त्यातील बराचसा जून ते सप्टेंबर या काळात पडत असल्याने हा उपद्रव तेव्हा वाढतो. पेशवेकालीन वाड्यांत जमिनी शेणाने सारवीत आणि भिंतींस चुन्याचा गिलावा करीत. ताजा चुना तीव्र क्षारीय असल्याने बुरशीस प्रतिकूल असतो. शिवाय चौकामुळे वारा खेळता राही. पुढे शहाबादी फरशी रूढ झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे पडले. त्यानंतरच्या दशकांत सदनिका वाढल्या व त्यांबरोबर लहान, बंदिस्त स्नानगृहे आली. फरशी गुळगुळीत झाली. पण वारा कमी झाला.

कवकांच्या अभ्यासात पुणे परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैविक शोधले. ते रोग्यांसाठी आहे. घरातील फरशीस मात्र साधे उपायच लागू पडतात.

प्रथम साबण व ब्रश यांनी मळ काढावा. नंतर विरंजक चूर्णाचा विरल विद्राव वापरावा. या चूर्णाचे एकस्व चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये मिळविले होते. त्यात अम्ल कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत प्राणघातक ठरू शकतो. केवळ अम्लाने फरशी धुणेही अहितकारक असते. शहाबादी फरशी चुनखडकाची असल्याने अम्लाने झिजते. सिमेंटचे सांधेही अधिक सच्छिद्र होतात व बुरशी पूर्वीपेक्षा खोलवर शिरते.

बुरशी काढली, तरी ओल राहिल्यास ती पुन्हा येते. म्हणून गळती बंद करणे, झिजलेले सांधे नव्याने भरणे, स्नानानंतर पाणी निपटणे व झरोका उघडा ठेवणे हेच प्रतिबंधाचे खरे उपाय होत.