आजीच्या भरवशावर शिकलेली पिढी

आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या शिक्षणाचा विषय निघाला की भगवानबाबांचं नाव आधी येतं, ते योग्यच आहे. जमीन विका पण पोरांना शिकवा, असं कीर्तनातून सांगणारे बाबा १९६५ साली गेले. पण पोरं शिकायला ठेवायची कोणापाशी? तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, म्हणून याचं उत्तर मला ठाऊक आहे. आजीपाशी.

आपल्या जिल्ह्याचा नकाशाच तसा आहे. उत्तरेला भंडारदरा धरणाचं पाणी १९२६ पर्यंत पोचलं, तिथे ऊस आला. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला. दक्षिणेकडे आमच्या डोंगरपट्ट्यात मात्र पाणी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तर घराघरातून ऊसतोडीला कोयता निघाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि दसरा-दिवाळीनंतर टोळी ट्रकमध्ये. परत येणं उन्हाळ्यात. मधल्या काळात माझ्या वर्गातल्या निम्म्या पाट्या रिकाम्या. मुलं गेली ती थेट फडात. झोपडीवजा कोपीजवळ उसाचे वाढे गोळा करायची, धाकट्याला सांभाळायची.

ज्यांच्या घरी म्हातारी होती, ती मुलं मागे राहिली. जिच्या हाताला आता मोळी उचलवत नाही, ती नातवंडांना भाकरी थापून शाळेत धाडायची. स्वतःला अंगठ्यापलीकडे काही येत नसे, पण पोराला दप्तर घेऊन बसवायची. आज माझ्या हातून गेलेल्यांत तलाठी, फौजदार, शिक्षक आहेत. त्यातले बहुतेक आजीवाले.

एक गोष्ट मात्र खटकते. आजीपाशी ठेवायचा तो मुलगा. मुलीला बरोबर न्यायचे, स्वयंपाकाला आणि तान्ह्याला. हजेरीपटावर दसऱ्यानंतरच्या लाल फुल्या मुलींच्याच नावापुढे जास्त. बाबांचा उपदेश पोरींपर्यंत पोचायला आणखी एक पिढी गेली.

नंतर कारखान्यांवर साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहं आली, २०२१ साली सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना जाहीर केली. चांगलंच झालं. पण शिकलेली पोरं आता चाकण-पुण्याला असतात आणि म्हाताऱ्या गावात एकट्या.

शाळांच्या शताब्दी स्मरणिका निघतात, त्यात अध्यक्षांचे फोटो असतात. त्यांच्या संपादकांना माझी विनंती आहे : गावात अशी एखादी आजी हयात असेल, तर तिच्याकडे जा आणि तिचं सांगणं तिच्या नावानिशी छापा.